दुसऱ्याची झोप

"पोट हलतंय वो ताई, पण नाकाखाली वारं न्हाई."

तासगावजवळच्या एका वाडीवरून आलेल्या वहिनी हे बोलल्या, तेव्हा मला स्लीप लॅबमध्ये लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, वय ४४. शेजारच्या खुर्चीत तो बसल्या बसल्या पेंगत होता. वहिनींनी मला रीतसर करून दाखवलं. एक तळवा मालकांच्या पोटावर, दुसऱ्या हाताचं बोट नाकाखाली. पोट वरखाली होत राहतं, पण बोटाला वारं लागत नाही. मग त्या मनात आकडे म्हणतात. वीस, पंचवीस, कधी कधी चाळीस. मग अख्खं अंग हिसका बसल्यासारखं उडतं, मोठ्याने घोरल्याचा आवाज येतो आणि वारं परत येतं. आकडा चाळीसच्या पुढे गेला की त्या कोपराने ढोसतात.

"किती वर्षं करताय हे?"

"धाकटा पोटात हुता तवापास्नं. आता नववीत हाय."

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया ओळखायचा कसा, हे मला शिकवताना सरांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले होते : प्रयत्न आणि प्रवाह. छाती-पोटाचा श्वास घेण्याचा प्रयत्न चालू आहे, पण नाकातोंडातून हवेचा प्रवाह किमान १० सेकंद बंद आहे, म्हणजे वाट घशात अडली आहे. त्यासाठी मी दोन पट्टे आणि नाकाला एक नळी लावते. वहिनींनी तेच दोन हातांनी केलं होतं, पंधरा वर्षं, अंधारात, कुणी न शिकवता.

आमचं मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून जत, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणी-चिकोडीपासून माणसं इथल्या डॉक्टरांकडे येतात. पण ती येतात छातीत दुखतं म्हणून, गुडघा धरला म्हणून, मूतखडा झाला म्हणून. झोपेसाठी कुणी एसटीचं तिकीट काढत नाही. आमच्याकडे पेशंट पोचतो तो तिसऱ्याच वाटेने. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू असूनही दाब उतरत नाही, म्हणून फिजिशियन पाठवतात. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ गळ्याचा घेर आणि घसा बघून थबकतात. किंवा ट्रॅक्टर कॅनॉलच्या कडेला उतरतो. या दादांचा तसाच उतरला होता, हंगामात, पहाटे चारच्या सुमारास, मागे दोन ट्रेलर उसाने भरलेले. कुणाला लागलं नाही. कारखान्यावर सगळे म्हणाले, जागरण झालं असेल. जागरण होतंच, पण ते घरी अंथरुणावर पडून, रोज होणारं होतं.

तपासणीच्या दिवशी केसांना तेल लावू नका, हे मी फोनवर तीनदा सांगते. तरी निम्मे लोक तेल चोपडून येतात, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं. तेलावर इलेक्ट्रोडची पेस्ट धरत नाही. मग रात्री आठ वाजता बेसिनपाशी शाम्पू. मग टेपने डोकं मोजायचं, मेणाच्या पेन्सिलीने खुणा करायच्या, तेवढी जागा घासून स्वच्छ करायची आणि एकेक तार चिकटवायची. डोकं, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, नडगी. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाला नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. वीसेक तारा होतात. या पाऊण तासात माणूस जे बोलतो ते ओपीडीत कधी बोलत नाही. दादा म्हणाले, "ताई, मी आळशी न्हाई. सगळी आळशी म्हणत्यात." हे वाक्य मी नंतर इतक्या लोकांकडून ऐकलं की आता ते लक्षणांच्या यादीत असायला हवं असं मला वाटतं.

मग मी शेजारच्या खोलीत जाते आणि माइकवरून सांगते : डोळे मिटा. उघडा. डोकं न हलवता डावीकडे बघा, उजवीकडे बघा. दात आवळा. श्वास धरा. आता घोरल्यासारखा आवाज काढा. इथे प्रत्येक जण हसतो. हसून झालं की दिवा बंद.

दादांना झोप लागायला चार मिनिटं लागली. आणि अकराव्या मिनिटाला पडद्यावरची नाकाची रेघ सपाट झाली.

ही रेघ बघायची सवय होते असं लोक म्हणतात. मला झालेली नाही. प्रवाहाची रेघ आडवी पडते, आणि खाली छातीची आणि पोटाची रेघ हलत राहते, पण एकमेकींच्या उलट. छाती आत तेव्हा पोट बाहेर, पोट आत तेव्हा छाती बाहेर. दार बंद असलेल्या खोलीतून कुणी ढकलत असावं तसं. जागेपणी घशाचे स्नायू वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, पडजिभेच्या वरचा मऊ भाग खाली येतो, आणि ज्याचा घसा मुळात अरुंद आहे त्याची वाट मिटते. मेंदूला हे कळायला वेळ लागतो. कळलं की तो माणसाला तीन-चार सेकंदांपुरता जागं करतो, स्नायू ताठरतात, मोठा श्वास आत येतो, आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी यातलं त्याला काहीही आठवत नाही.

ऑक्सिजनची रेघ तर फसवी असते. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे माणूस श्वास घेऊन मोकळा झालेला असतो तेव्हा कुठे बोटावरचा आकडा कोसळायला लागतो. दादांचा ७१ पर्यंत उतरायचा. नवीन असताना एकदा मी तसाच आकडा बघून धावत खोलीत गेले होते. पेशंट छान श्वास घेत होता. संकट होऊन गेलं होतं आणि मी उशिरा पोचले होते.

दादांचा हिशोब निघाला तासाला ६२. म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला एकदा श्वास अडत होता. पाचच्या आत असेल तर ठीक मानतात, तिसाच्या पुढे गंभीर. वहिनींना मी पडद्यावरचा तो भाग दाखवला. त्यांनी पोटाची रेघ बोटाने धरली, मग नाकाची. "हेच," म्हणाल्या. आणि रडल्या. मला वाटलं, घाबरल्या. तसं नव्हतं. पंधरा वर्षं सासूपासून जावेपर्यंत सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं की तो घोरतो म्हणजे त्याला गाढ झोप लागते, तूच संशयी आहेस. आज कुठेतरी कागदावर उमटलं होतं की त्या खरं सांगत होत्या.

आता उपचार. १९८०च्या आधी या आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट घशाच्या खालून काढायची. सिडनीतल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. वाट मिटते तर आतून हवेचाच टेकू द्यावा. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, तिची हवा नळीने नाकात सोडली, आणि घसा उघडा राहिला. १९८१ साली त्यांनी पाच पेशंटांचा अनुभव छापला. आपण ज्याला सीपॅप म्हणतो ते यंत्र म्हणजे हेच. त्यात औषध नाही, ऑक्सिजनही नाही. खोलीतलीच हवा, थोड्या दाबाने. फुगा फुगवून तोंड धरून ठेवलं तर तो मिटत नाही, एवढंच तत्त्व. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण लोकांना वाटतं हा शेवटचा ऑक्सिजन आहे.

दुसऱ्या रात्री दादांना मास्क लावला. दाब ४ सेंटिमीटरवर सुरू करायचा आणि श्वास अडतोय असं दिसलं की निदान पाच मिनिटं थांबून एकेकाने वाढवायचा. सहा, सात, आठ. नऊवर घोरणं उरलं. अकरावर खोली शांत झाली. पाठीवर झोपलेला असताना, आणि स्वप्नांच्या झोपेत, या दोन वेळी घसा सगळ्यात सैल असतो, म्हणून अकरा पुरतो का हे तेव्हाच ठरतं. पहाटे अडीचला दादा स्वप्नांच्या झोपेत शिरले आणि बाहेरच येईनात. पन्नास मिनिटं डोळ्यांच्या तारा नाचत होत्या. शरीर उसनवारी फेडून घेतं, हे पुस्तकात वाचलं होतं, त्या रात्री पाहिलं. सकाळी उठून ते म्हणाले, "म्हातारी आई दिसली. किती वर्षांनी." आणि मास्क हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. लॅबमध्ये मी आहे, एसी आहे, वीज आहे, मास्क सरकला तर नीट करायला कुणीतरी जागं आहे. उपचार खरा सुरू होतो तो यंत्र घरी गेल्यावर, आणि तिथे मी पहिली काही वर्षं कमी पडले.

एका हायस्कूलचे शिक्षक होते. त्यांचा दाब मी अचूक काढला होता, रिपोर्ट नेटका होता. यंत्र देताना बाहेर दुसरा पेशंट थांबलेला, म्हणून दहा मिनिटांत पट्टे कसे लावायचे ते दाखवलं आणि पाठवलं. आठ महिन्यांनी ते हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून दाखल झाले, आणि वॉर्डातून आम्हाला निरोप आला. मी विचारलं, यंत्र? म्हणाले, पाचव्या रात्रीपासून माळ्यावर आहे. का? रोज सकाळी डोळे लाल व्हायचे, घरच्यांना वाटलं डोळे आलेत. मी तोच मास्क मागवून त्यांच्या नाकावर लावून पाहिला. एक माप मोठा होता. वरच्या कडेने हवा सुटून रात्रभर डोळ्यांवर जात होती. यंत्र वापरलं असतं तर ठोके बिघडले नसते असं मी म्हणू शकत नाही, कुणीच म्हणू शकणार नाही. पण एक माप लहान मास्क माझ्या कपाटात होता, आणि मी आठ महिन्यांत एक फोन केला नव्हता.

तेव्हापासून तिसऱ्या दिवशी फोन. लॅबचा तसा नियम नाही, माझा आहे. त्या फोनवर कळतं ते कुठल्या पुस्तकात नाही. आपल्याकडच्या मिशा भरघोस, त्यावर मास्क बसत नाही, हवा फुरफुरते. अशा माणसाला नाकपुडीत बसणारी लहान गादी लागते. कवळी काढून झोपणाऱ्याचे गाल आत जातात आणि मास्क ढिला पडतो. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याची हवा नाकातून येऊन तोंडातून निघून जाते, सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. बायकांचा अंबाडा पट्ट्याच्या नेमका मध्ये येतो, तेव्हा वेणी घालून झोपायला सांगायचं. ओलाव्याच्या टाकीत बोअरचं पाणी घातलं की चार दिवसांत तळाला पांढरा थर. आणि वीज. रात्री वीज गेली की हवा थांबते, माणूस गुदमरून मास्क ओढून काढतो आणि दुसऱ्या दिवशी तो लावायचं धैर्य होत नाही. इन्व्हर्टर आहे का, हा प्रश्न आता मी दाबाच्या आकड्याच्याही आधी विचारते. पिकाला पाणी द्यायला शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की शेतकरी रात्रभर सरीवर असतो, त्याने मास्क कधी लावायचा? दिवसा झोपाल तेव्हा लावा, दुपारची डुलकी असली तरी लावा, असं सांगते. झोप कुठल्या वेळची आहे हे घशाला कळत नाही.

ज्यांना मास्कची भीती वाटते त्यांच्यासाठी माझी एक रीत आहे. पहिले दोन दिवस पट्टे लावायचेच नाहीत. संध्याकाळी मालिका बघताना यंत्र चालू करून मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा, नको वाटलं की खाली. मग पट्ट्यासकट, बसून. मग दुपारी आडवं होऊन. रात्र सगळ्यात शेवटी. आठवडा जातो, पण तो आठवडा वाचवायला गेलं की वर्ष जातं.

२०२०-२१ नंतर तर ही भीती वेगळीच झाली. कोविडच्या वॉर्डात ज्यांनी आपल्या माणसाला बायपॅपवर पाहिलं, त्यांना मास्क आणि नळी दिसली की दुसरं काही आठवत नाही. एका काकांनी मास्क बघताच हात जोडले. "माझा भाऊ हे लावलं आणि परत आला न्हाई." मी त्या रात्री तपासणी केलीच नाही. आम्ही चहा घेतला, ते भावाविषयी बोलत राहिले. दीड महिन्याने ते आपण होऊन आले.

आणि लाज. गावात बातमी पसरते, अमका ऑक्सिजनवर हाय. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून यंत्र शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलेलं घर मला माहीत आहे. चष्म्याची लाज जाऊन किती काळ लोटला, याचीही जाईल असं मला वाटतं, पण तोवर त्या घरातला बाप पाहुणे मुक्कामी असलेल्या चार रात्री श्वास अडवून काढतो, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

बायकांविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे. या आजारात पेशंटला आपला आजार दिसत नाही, कुणीतरी शेजारी जागं असावं लागतं. पुरुषाच्या शेजारी त्याची बायको जागी असते. बाईच्या शेजारी कोण जागं असतं? एक अंगणवाडी सेविका होत्या, ५२ वर्षांच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. थकवा, सकाळी डोकं जड, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं. थायरॉइड तपासून झालं, पाळी जातेय म्हणून असेल असं म्हणून झालं, झोपेची गोळी चालू झाली. मग मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तान्ह्या बाळासाठी रात्रभर जागी असलेल्या त्या मुलीने पहिल्यांदा ऐकलं की आईचा श्वास थांबतोय. त्यांचा एकूण आकडा २८ होता, पण नुसत्या स्वप्नांच्या झोपेत मोजला तर साठाच्या घरात. बायकांमध्ये असं बरेचदा दिसतं. पाळी गेल्यावर धोका वाढतो हेही माहीत असलेलं आहे. तरी आमच्या प्रतीक्षेच्या बाकावर बायका कमीच. "बायका कुठं घोरतात?" असं त्या सेविकाबाईंनीच मला विचारलं होतं. म्हणून मी आता घोरता का असं बायकांना विचारतच नाही. विचारते, घरात तुमच्या मागून झोपतं कोण? बहुतेक वेळा उत्तर येतं, कुणीच नाही.

सीपॅपखेरीज मार्ग आहेत. वजन उतरलं तर आजार उतरतो. सौम्य आजारात खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी चालते. फक्त पाठीवर झोपल्यावरच श्वास अडत असेल तर बनियनच्या पाठीला चेंडू शिवून कुशीवर झोपायची सवय लावता येते. एका वयस्कर शिंपीमामांनी स्वतःच्या मशीनवर तो खिसा इतका सुबक शिवला की मी त्याचा नमुना ठेवून घेतला. रात्रीची दारू सोडणं हा तर बिनखर्चाचा उपचार, आणि सगळ्यात अवघड. काहींना शस्त्रक्रिया लागते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला, स्थूल माणसांच्या मध्यम आणि गंभीर ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न इंजेक्शनचा असतो. मला त्याचा आनंद आहे. पण माझ्यासमोर येणारे कितीतरी लोक सडपातळ असतात. त्यांचा जबडा लहान आणि मागे असतो, वजनाचा संबंध थोडा. त्यांना इंजेक्शन काय करणार?

आणि सीपॅपविषयीही खोटी आशा द्यायची नाही. २०१६ साली एक मोठा अभ्यास छापून आला. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या अडीच हजारांहून जास्त लोकांवर तो झाला होता, आणि सीपॅपने पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. दिवसाची पेंग गेली, मन हलकं झालं, कामाचे खाडे कमी झाले. हृदयाचं सिद्ध झालं नाही. तो वाचताना माझी नजर एका आकड्यावर अडली. त्या लोकांनी यंत्र वापरलं होतं सरासरी रात्रीला ३.३ तास. उरलेली रात्र घसा मिटलेलाच. मला ते शिक्षक आठवले. ३.३ तास म्हणजे कुणीतरी कुठेतरी दहा मिनिटांत मास्क देऊन पाठवलं असेल, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

ट्रॅक्टरवाल्या दादांनी पहिल्या महिन्यात यंत्र भाड्याने नेलं. विमा नव्हता, आणि असता तरी बहुतेक पॉलिसी या यंत्राचे पैसे देत नाहीत. महिन्याने ते यंत्रातलं नोंदींचं कार्ड घेऊन आले. रोजचे पाच तास, श्वास अडण्याचा आकडा तीनवर. चेहरा उजळलेला. पण वहिनींच्या डोळ्यांखाली तशीच काळी वर्तुळं.

"तुम्ही झोपत नाही का?"

"आवाज न्हाई त्यामुळं भ्या वाटतं. हात आपोआप जातोय."

पंधरा वर्षांची पाळी एका महिन्यात सुटत नाही. मी त्यांना कार्डावरच्या तीस रात्री एकेक करून दाखवल्या. या तासात अडला, या तासात दोनदा, या तासात एकदाही नाही. हे यंत्र मोजतंय, म्हटलं, तुम्ही मोजू नका. मग मास्कवरची भोकं दाखवली, सोडलेली हवा तिथून बाहेर पडते ते सांगितलं, आणि श्वासागणिक तिथला आवाज कसा बदलतो ते त्यांच्या कानाशी धरून ऐकवलं. वाटलंच तर हे ऐका, बोट लावू नका.

उसाचं बिल आल्यावर त्यांनी स्वतःचं यंत्र घेतलं. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दोघं पुन्हा आले. कार्डावर सहा तास, कधी सात. दादा दवाखान्याच्या दारापर्यंत मोटारसायकल स्वतः चालवत आले होते. मी नेहमीसारखी वही काढली आणि वहिनींकडे वळले. रात्री मास्क काढून टाकतात का? घोरतात का? मध्ये उठतात का?

वहिनींनी दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला काय म्हाईत ताई? मी झोपल्याली असतीया."